कोंबडीची जाळी

देलुबिना आर्चुलेताच्या घरात भाकरी करपली तर दोष लाकडाचा, दूध नासलं तर हवेचा. भिंतींचा दोष काढायची छाती कोणाची नव्हती. मोरा नदीच्या खोऱ्यात मातीच्या घरांचं लिंपण बायकाच करतात, आणि देलुबिनासारखा हात दुसरीचा नाही, हे तिच्या वैरिणीही कबूल करत. जेवढ्या उरल्या होत्या तेवढ्या.

म्हणून नात मार्सेला जेव्हा म्हणाली की इंटरनेट भिंतीत अडतंय, तेव्हा आजीने पोसोलेच्या, म्हणजे मक्याच्या रश्श्याच्या, पातेल्यावर डाव असा आपटला की कुत्रं उठून बाहेर गेलं.

मार्सेला बहिऱ्या लोकांची दुभाषी. कुठल्याशा दवाखान्यात डॉक्टर बोलायचा आणि ही इथे मागच्या खोलीत पडद्यासमोर बसून ते बोलणं हातांनी रोग्याला सांगायची. चित्र अडकलं की हात हवेतच थिजायचा आणि मधलं बोलणं गळून जायचं. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे परवा एका बाईला कळलंच नाही. कामावरच्या वरिष्ठ बाईंनी बजावलं, सोमवारी पुन्हा असं झालं तर आल्बुकर्की शहरात कचेरीत येऊन बसायचं. म्हणजे बिऱ्हाडच तिकडे. घर पुन्हा आजीला खायला उठणार. हे आजी बोलली नाही. ती म्हणाली, "जा की. मला भिंती आहेत सोबतीला."

पहिला दोष स्वयंपाकघरातच सापडला. राऊटर चुलीशेजारच्या फळीवर, संत इसिद्रोच्या मूर्तीजवळ होता, आणि धूळ बसू नये म्हणून आजीने त्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता. डबा तव्यासारखा तापलेला.

"आजी, तू याला पांघरूण घातलंस?"

"मग काय संतापुढे उघडं ठेवू?"

तो डबा कामातून गेलाच होता. मार्सेलाने नवा आणून खिडकीत ठेवला. स्वयंपाकघरात चित्र पाण्यासारखं वाहू लागलं. मागच्या खोलीत मात्र पहिले पाढे पंचावन्न.

आजीने मुद्दा काढला: मातीत अडत असेल तर पुढच्या खोलीत कसं पोचतं? मार्सेलाने वाद घातला नाही. फोनवर सिग्नलची चढती-उतरती रेघ लावून तो आजीच्या हातात दिला आणि तिला पुढच्या खोलीत नेलं. मधली भिंत हातभर जाड, पणज्याने रचलेली. रेघ वरच राहिली.

आजी उभी राहिली ती राहिलीच. त्या भिंतीतून कधी वारा आला नव्हता, उजेड आला नव्हता. चुलीची ऊबसुद्धा पलीकडे जायला संध्याकाळ लावायची. आणि हे सरळ जात होतं.

"माझ्यातून?" तिने हळूच विचारलं.

"फोन दे, आणि याच्या नि डब्याच्या मधे उभी राहा." रेघ किंचित वाकली. "तुझ्यातूनही जातं. अंगात पाणी असतं ना, पाण्यात जरा अडखळतं."

आजीने आपल्या छातीकडे पाहिलं. आरपार देवाची नजर तेवढी जाते, अशी तिची समजूत होती.

मागच्या खोलीच्या भिंतीपाशी रेघ आडवी झाली. दार उघडं ठेवून चालणार नव्हतं, रोग्यांचं बोलणं बाहेर जाता कामा नये. मार्सेला म्हणाली, भोक पाडून केबल आत घेते. ड्रिल खरखरलं, अडकलं, आणि टोकाला तारेचा गुंता घेऊन बाहेर आलं.

कोंबडीच्या खुराड्याची जाळी. आजीला आठवलं. गावात कोणाकडे सिमेंट नव्हतं त्या साली नवरा ओनोफ्रेने या भिंतीला ती जाळी ठोकली आणि तिने वरून सिमेंटचा गिलावा केला. रविवारी चर्चमधून बायकांना मुद्दाम बघायला आणलं होतं.

"लोखंड आहे आजी, त्यात अडतं ते. असू दे, भोक जरा मोठं करते आणि—"

"माझी भिंत आजारी, आणि तू तिच्या नाकात नळी घालणार?" आजीने छिन्नी मागितली.

दिवसभर तिने हातोडा खाली ठेवला नाही. सिमेंटचे पोपडे पडले, जाळी सालीसारखी सोलून आली, आणि खाली जुनी माती दिसली. तिच्यावर बोटांचे अर्धगोल ठसे. सासूची बोटं. जिवंतपणी त्या बाईने सुनेला एक गोड शब्द दिला नव्हता, पण लिंपण असं की आजीच्या तोंडून टोमणाही निघेना. त्या ठशांतून रेघ सरसर वर चढली.

मग काड घालून मळलेल्या चिखलाचा पातळ हात तिने स्वतः फिरवला. ओल्या मातीने रेघ पुन्हा बसली, मार्सेलाचं तोंड पडलं.

"पाण्यात अडखळतं, तूच म्हणालीस ना? वाळू दे तिला."

रविवारचं ऊन खिडकीतून भिंतीवर आलं. माती काळीची तांबूस झाली, तांबूसची फिकी, आणि रंग बदलेल तशी रेघ चढत गेली. दोघी चर्च बुडवून तेच पाहत बसल्या.

सोमवारी मार्सेलाने दार लावून घेतलं. आजी स्वयंपाकघरात भिंतीला तळवा टेकून उभी राहिली. आतून शब्द ऐकू येत नव्हते, तिथे शब्द नव्हतेच. पण तिच्या नातीचे हात या मातीतून, सासूच्या बोटांमधून, कोणा परक्या रोग्याकडे निघाले होते, एकही न थिजता. मधे आपला पाण्याने भरलेला हात कशाला, असं मनात आलं तशी तिने तळवा काढला, आणि संताची पालखी जाताना सरकावं तशी ती एक पाऊल बाजूला सरकली.