एकाच रानातलं बेणं

पुरुषात खोट असू शकते, हे मलकापूरजवळच्या त्या गावाला कुणी शिकवलंच नव्हतं. बैल घेताना दात बघतील, उसाचं बेणं घेताना डोळा न् डोळा पारखतील. पण नवरा म्हटला की तो बिनखोट! लग्नाला आठ वर्षं होऊनही अंजनाची कूस उजवली नाही, तेव्हा नवस, उपास आणि टोमणे सगळे तिच्याच वाट्याला आले. सासूनं, रंगूबाईनं, लेकासाठी वडूजची दुसरी पोरगीही हेरून ठेवली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

अंजनाचा नवरा लालासाहेब पलटणीत हवालदार. अठ्ठ्याहत्तर सालच्या रजेत ती हट्टानं त्याला सांगलीच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांना तिच्यात काही दोष सापडला नाही. मग त्यांनी नवऱ्याचं बीज बाटलीत मागवलं, सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं आणि खूश होऊन म्हणाले, "हवालदारसाहेब, तुमचं बीज उत्तम आहे." आता एकच करायचं होतं. नवऱ्याचं बीज काचेच्या नळीत ठेवायचं, जोमानं पोहून वर येतील तेवढेच जंतू निवडायचे आणि पिचकारीनं आत सोडायचे. अंजनाला देव भेटल्यागत झालं.

ठरल्या दिवशी धाकटा दीर नाथाजीही बरोबर निघाला. मागच्या खेपेलाही तो आला होता, पण सोबतीला येतो म्हटल्यावर तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आज मात्र दवाखान्याच्या खिडकीतून तिला दिसलं. नाथाजी मागच्या संडासातून बाहेर आला, इकडंतिकडं बघत त्यानं झाकणाची बाटली भावाच्या हातात दिली, आणि लालासाहेब ती घेऊन ताठ मानेनं डॉक्टरांच्या खोलीत शिरला.

डॉक्टर आत निवडत बसले, तेवढ्यात तिनं नवऱ्याला व्हरांड्यात गाठलं.

"ती बाटली भावजींची हाय न्हवं?"

लालासाहेब गडबडला. मग म्हणाला, "हळू बोल. एका आईची लेकरं आमी, रगत एकच हाय. एकाच रानातलं बेणं. ह्या सरीतलं काय आन त्या सरीतलं काय?"

"आन तुमचं?"

"माझं पलटणीतल्या डाक्टरनं कवाच बघितलंय. त्यात काय बी न्हाई."

क्षणभर अंजनाला त्याची लय दया आली. पण आठ वर्षं ज्या शिव्या तिनं गिळल्या, त्या ह्याच्या नावच्या होत्या.

"मला सांगितलं असतं, तर जन्मभर झाकून ठिवलं असतं की मी," ती म्हणाली. "पर मी रान न्हाई. मला इचारायचं हुतं."

डॉक्टर बाहेर आले. "अगदी निवडक मिळालेत. चला."

"नगं," अंजना म्हणाली. कारण तिनं सांगितलं नाही. नवऱ्याची अब्रू तिनं तिथंही राखली. ऐन वेळी कच खाणाऱ्या बायकांवर डॉक्टर बराच वेळ वैतागले.

घरी पुरुष जेवायला बसले आणि रंगूबाईनं तोंड सोडलं. "निवडून ठिवल्यालं बी हिनं नाकारलं! हिलाच पोर नगं!"

अंजनानं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा एक शब्द पुरे होता.

लालासाहेबानं मिशीवरून हात फिरवला. "माझ्यात खोट न्हाई. डाक्टरनं सांगितलंय. आये, वडूजला सांगावा धाड."

नाथाजी मान खाली घालून भाकरी कुस्करत राहिला. त्याची बायको शालूबाई वाढत होती.

"धाडा की आत्याबाई," अंजना सासूला म्हणाली. "पर त्या पोरीला आधीच सांगून ठिवा, म्हंजी ती माझ्यागत फसायची न्हाई. ह्या घरात कुंकू थोरल्याचं लावायचं, आन सांगलीला धाकट्याला न्यायचं."

रंगूबाईला काही उमगलं नाही. शालूबाईला मात्र पुरतं उमगलं. हातातली भाकरी तिनं परत टोपल्यात टाकली.

"दादांच्या कामाला जातो म्हणालासा," तिनं नवऱ्याला विचारलं, "ते काम ह्ये व्हय?"

नाथाजी ताट सारून उठला. आणि वडूजला सांगावा दुसऱ्या दिवशी गेलाच.