अठ्ठेचाळीस टक्के

गिटार बनवणाऱ्या मिस्त्रींनी ते यंत्र काय आणलं, अख्ख्या गल्लीला पकडून पकडून दाखवलं. काडेपेटीएवढं, हवेतला दमटपणा मोजणारं. "अठ्ठेचाळीस टक्के! लाकडाला याहून चांगली हवा शोधून सापडायची नाही." मिस्त्रीणबाई आठ दिवस भावाकडे गेलेल्या. घरात ऐकायला कुणी नाही, म्हणून गल्ली वेठीला धरलेली.

एवढं अप्रूप कशाचं, तेही सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी लेकीची पहिली गिटार त्यांनी ऐन थंडीत हीटरशेजारी उभी करून ठेवली होती. कोरड्या गरम हवेने लाकूड आकसलं आणि पुढच्या फळीला हा एवढा तडा गेला. पोरगी पंधरा दिवस बापाशी बोलली नाही, आणि गिटार तर पुन्हा हातातच घेतली नाही. पुढे नोकरीला लागल्यावर तिनेच फोन करून विचारलं होतं, "बाबा, मला एक करून द्याल?" तेवढ्या एका वाक्यावर मिस्त्री दोन वर्षं राबले. येत्या रविवारी ती न्यायला येणार होती. हिलाही तडा गेला तर ती पुन्हा कधी मागणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर यंत्र. त्याच्याच भरवशावर गिटार भिंतीला टांगलेली.

बुधवारी मिस्त्रीणबाई परतल्या. चहा झाला, स्वेटर काढला, तर केस चटचट वाजत उभे राहिले.

"अहो, घर कोरडं ठणठणीत पडलंय."

"काहीतरीच! यंत्र अठ्ठेचाळीस दाखवतंय."

"आणि माझे केस?"

"केसांना काय कळतंय?"

"तीस वर्षं तुम्हाला हीटरवर पाण्याचं भांडं ठेवायची आठवण कशावरून करून देतेय मी? या केसांवरूनच!"

"अगं, सकाळी बघ, संध्याकाळी बघ, हीटर लाव नाहीतर खिडकी उघड. अठ्ठेचाळीस! तसूभर हलत नाही."

"हलतच नाही?" बाईंनी यंत्र उजेडात धरलं आणि कोपऱ्यात नख घातलं. आकड्यासकट प्लास्टिकचा पातळ पापुद्रा सोलून हातात आला. काचेला ओरखडे पडू नयेत म्हणून कारखान्यातून चिकटवून आलेला, वर नमुन्याचा आकडा छापलेला. खाली खरा आकडा होता एकवीस.

मिस्त्रींनी धावत जाऊन गिटार उतरवली, मानेच्या कडेवरून बोट फिरवलं. लाकूड आकसून आत गेलेलं, त्यात बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांची टोकं बाहेर येऊन करवतीसारखी बोटाला लागली. नशीब, तडा अजून नव्हता.

"पाणी शिंपडू का गं?"

"शिंपडा, म्हणजे फुगून फुटेल एकदाची! मिस्त्री तुम्ही की मी?"

मग बाईंनीच सूत्रं हातात घेतली. हीटर बंद. साबणदाणीला भोकं पाडून आत घट्ट पिळलेला ओला स्पंज, ती साबणदाणी गिटारशेजारी पेटीत आणि पेटीचं झाकण बंद. चार दिवस दोघं दोन-दोन स्वेटर घालून घरात वावरले. मिस्त्री तासातासाला झाकण उघडायला जात आणि बोलणी खाऊन परत येत. शनिवारी बोट फिरवलं, तर एकही टोक लागलं नाही.

रविवारी लेक आली. "घर आहे की बर्फाचा कारखाना?" म्हणत तिने गिटार मांडीवर घेतली आणि कितीतरी वेळ वाजवत बसली. बाई डोळ्यांनी खुणावत होत्या, गप्प बसा म्हणून. पण मिस्त्रींना राहवेना. पापुद्र्यापासून साबणदाणीपर्यंत सगळं ओकून मोकळे झाले.

पोरगी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग तिने गिटार पेटीत ठेवली, स्पंज ओला करून पिळला आणि झाकण लावलं. मिस्त्रींचा जीव टांगणीला लागला.

"माझ्या भाड्याच्या खोलीतला हीटर घरमालकाच्या ताब्यात, मला बंद करता येत नाही, बाबा. थंडी सरेपर्यंत ही इथेच राहू दे. तुमच्यापाशी."

"माझ्यापाशी?"

"मग काय शेजाऱ्यांकडे ठेवू? मी दर रविवारी येईन वाजवायला. आता जरा हीटर लावा, गारठले मी."

"हीटर नाही म्हणजे नाही," मिस्त्री म्हणाले, आणि अंगातला वरचा स्वेटर काढून त्यांनी तो लेकीच्या डोक्यातून घातला. तिचे केस जराही वाजले नाहीत.