वाफ विरेपर्यंत

भाद्रपदातली दुपार. पावसाने धुतलेले आकाश, उन्हाने पुसलेले आकाश. आणि पितरांच्या पंधरवड्यातले ते पीतवर्ण, मंद, शोकगंभीर ऊन. नदीकाठच्या बंगल्यासमोर बुचाचे झाड उभे होते. त्याची दीर्घदेठी शुभ्र फुले एकेक करून गळत होती, निःशब्द गळत होती. झाडाखालची जागा रिकामी होती. अकरा वर्षे तिथे रोज एक पांढरी गाडी उभी राहायची.

बंगल्यात मोठ्या लोकांचे जपानी हॉटेल. गाडी चाकणच्या कारखान्यातल्या जपानी साहेबांची, आणि चाकामागे दामोदर घोलप. साहेब आत जेवत. दामोदर बुचाखाली डबा उघडी. घरी आला की हसून म्हणे, "रत्ने, एकदा तुला घेऊन आत बसणार. बघू तरी, काय एवढं अमृत वाढतात ते." एकदा, एकदा म्हणता म्हणता आषाढात माणूसच गेला.

दहाव्याला कावळा शिवला नाही. घाटावर कृष्णपक्ष्यांची ही गर्दी, पण पिंडाकडे एक फिरकेल तर शपथ. दिरांनी शब्द दिला, लेकीने शब्द दिला; कावळे आपले पिंपळावर. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि मंडळी आंघोळीला गेली. रत्नमालेचे समाधान झाले नाही. गवताच्या चोचीने गेल्या माणसाची इच्छा कुठे फिटते?

तेव्हापासून रोज दुपारी एकला तिच्या अंगणात गाडीचे दार लागल्याचा आवाज होई. धप्प. एवढाच. मागून पाऊल वाजत नसे. भरले ताट घेऊन ती उंबऱ्याशी जाई. अंगण रिकामे, ऊन रिकामे, वाट रिकामी. भीतीने अंगावर काटा येई आणि त्याच काट्याआडून माया उमटे. माणूस उपाशी आहे, हे तिला कळत होते. त्याला कुठे वाढायचे, हेही कळत होते.

म्हणून आज ती ठेवणीतले जांभळे इरकली लुगडे नेसून बंगल्यात आली. दोघांचे जेवण सांगून बसली. कागदी पडद्यांतून गाळलेला दुधी प्रकाश, चंदनी शांतता, पायाखाली गवती चटई. समोरचे आसन मोकळे होते.

"अजून कोणी येणार आहेत?" वाढणाऱ्या मुलीने विचारले.

"आलेत," रत्नमाला म्हणाली.

मग एकामागून एक नाजूक पात्रे आली. गुलाबपाकळीसारखे माशाचे काप आले, नीलवर्ण बशीत इवलासा मुळा आला. तिने कशाला हात लावला नाही. सगळ्यांत शेवटी भात आला. दोन वाट्या, शुभ्र, शिगोशीग, वाफाळत्या. एक वाटी तिने समोर सरकवली. जेवायच्या काड्या धरायच्या कशा, ते तिला ठाऊक नव्हते. तांदळात उदबत्ती खोचावी तशा तिने त्या दोन्ही समोरच्या वाटीतल्या भातात उभ्या खोचल्या.

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. "काकू, काढा त्या. मेलेल्या माणसाला वाढतात तेव्हा खोचतात अशा."

"मग बरोबरच आहे की."

ओट्यामागे मासा कापणाऱ्या वृद्ध जपानी आचाऱ्याने, मोरितांनी, सुरी खाली ठेवली. ते आले, गुडघ्यांवर बसले, त्या उभ्या काड्यांकडे पाहत राहिले. या गावात बारा वर्षे काढलेला माणूस. मराठी तोडकी, पण कामापुरती.

"कोण?" त्यांनी विचारले.

तिने खिडकीबाहेरच्या बुचाकडे बोट दाखवले. "पांढरी गाडी. घोलप."

मोरितांनी बुचाकडे पाहिले. "त्यांची भाकरी मी खाल्ली. मागच्या दाराशी. ठेचा, फार तिखट. मी म्हणायचो, आत या. ते म्हणायचे, बायको आली की येईन."

तेव्हा रत्नमाला रडली. दहाव्याला रडली नव्हती तेवढी रडली. "कावळा शिवला नाही हो," एवढेच तिला बोलता आले.

"आमच्याकडे कावळा नसतो," मोरिता म्हणाले. "गेलेला माणूस वाफ खातो. वाफ संपली की भात घरच्यांनी खायचा. मग तो जातो."

जातो. तो शब्द तिच्या काळजात रुतला. म्हणजे उद्या एक वाजेल आणि दार वाजणार नाही. ज्या आवाजाने दोन महिने ती दचकली, तोच तिचा उरलासुरला संसार होता. तिने दोन्ही तळवे वाटीभोवती धरले. वाफ राहू दे. थोडी राहू दे. अजून थोडी राहू दे.

वाफ राहिली नाही. वाऱ्याची झुळूकही नव्हती. तरी ती कृश, श्वेत, कंपित रेषा रिकाम्या आसनाकडे कलली, आणि हावरट माणसाने भराभर जेवावे तशी झरझर सरत गेली. दामोदर असाच जेवायचा. "सावकाश," रत्नमाला पुटपुटली.

मग तिने काड्या उपटल्या. भातात दोन छोटी छिद्रे राहिली. तिने त्याच वाटीतला गार घास हाताने उचलला आणि खाल्ला. दुसरा खाल्ला. वाटी संपवली.

एक वाजला. बुचाखाली काहीच नव्हते, आणि गाडीचे दार लागले. धप्प. त्यामागून आज पहिल्यांदाच पावले वाजली. गळलेल्या फुलांवरून, ओल्या मातीवरून, सावकाश, सावकाश, नदीकडे.