बांधलेला अंगठा

"यांच्या उजव्या हाताला काय लागलं होतं?" सिस्टरने विचारलं.

"काही नाही. हात चांगला आहे. पट्टी सकाळी मीच बांधली."

कोर्टाच्या जिन्यात कोसळली तेव्हाच बायको गेली होती, असं डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते. तेव्हा मी नुसती मान हलवली होती. पट्टी का बांधली ते मात्र मी सिस्टरला सांगायला लागलो.

माझी बायको वकील. यंत्रात सापडून जायबंदी झालेल्या कामगारांना भरपाई मिळवून द्यायची. मी शिंपी. तिची एक खोड होती. कामगाराची साक्ष असली, की त्याचं जे गेलं असेल ते ती सकाळपासून स्वतःचं बांधून ठेवायची. कधी बोट, कधी कोपर, एकदा तर डोळा. कुठे अडतं ते बघायची आणि कोर्टात त्याला नेमकं तेच विचारायची. "डॉक्टर अपंगत्वाचे टक्के लिहितो," म्हणायची, "टक्क्यांनी बटण लागत नाही."

त्या दिवशी अंगठा होता. पुठ्ठ्याच्या कारखान्यात कटिंग करणाऱ्याचा.

"अहो, घट्ट बांधा. हलतोय."

"बधिर होईल."

"होऊ दे. आणि वेणी तुम्हीच घाला."

"मी शिंपी आहे बाई. शिवून टाकीन."

ती हसली. "कंपनीचा वकील म्हणतो, चार बोटं आहेत की शिल्लक! बघतेच त्याला आज." बाहेर पडताना तिची किल्ली कुलपात फिरेना. मी पुढे झालो तर म्हणाली, "थांबा, मला बघू दे." बराच वेळ खटपट करत राहिली.

तेराव्यानंतर कटिंगवाला घरी आला. दारातच उभा.

"दादा, नवे वकील म्हणतात, मिळेल तेवढं घे नि मिटव. बाई काय विचारणार होत्या?"

मला त्या सकाळी जे दिसलं होतं ते मी सांगितलं: अंगठ्याशिवाय वेणी नाही, किल्ली नाही. त्याने मान खाली घातली.

"खरंय. पण तिथं उभं राहिलं की माझी दातखीळ बसते. तुम्ही चला ना."

गेलो. कोर्टात मागच्या बाकावर बसलो. कंपनीच्या वकिलाने विचारलं, "जेवतोस कुठल्या हातानं?"

"उजव्या, साहेब."

"सही?"

"करतो, साहेब. वाकडी येते."

"येते ना? झालं तर."

नवे वकील घड्याळ बघत होते. मी उठून उभा राहिलो. शिपाई आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आजोबा, खाली बसा. तुमचं काय आहे इथं?"

मी बसलो. पुढची तारीख पडली.

पुठ्ठा पात्याखाली दाबून धरायला अंगठा लागतो. ते त्याला विचारायचं राहिलं आहे.