विहिरीच्या तळाचं पाणी

"सातही समुद्र माझ्या एका शब्दावर गोड होतील!" बाबांनी गर्जना केली, आणि ध्वनिक्षेपक बंद पडला. पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीनं वायर जोडून दिली, तेव्हा कुठे समुद्रांना पुढची आज्ञा ऐकू गेली.

विहिरीभोवती मुंगीला शिरायला वाट नव्हती. कित्येक वर्षं खारट असलेली ही विहीर बाबांनी पंधरा दिवसांपूर्वी फुंकर घालून गोड केली होती. शिष्य बादली सोडी, लोक ओंजळीनं पीत आणि "साखर आहे, साखर!" म्हणत. मोबदल्यात बाबांनी फक्त विहिरीलगतची जमीन मागितली होती. अख्खं शेत नको म्हणाले, निरिच्छ माणूस.

विहीर मिस्त्रीच्या वहिनीची. नवऱ्यामागे तिनं एकटीनं घेवडा लावला होता, हौदातल्या साठवणीच्या पाण्यावर. चमत्कारानंतर अर्ध्या शेताला विहिरीचं पाणी दिलं. ते अर्धं शेत आता करपलं होतं. पानांच्या कडा तपकिरी, सरींवर पांढरा थर. काल हौदही आटला. आज उरलेल्या अर्ध्याची पाळी.

"बाबा, जळतंय हो सगळं."

"जळू दे, माई. तुझं पाप जळतंय. पाणी दुप्पट सोड."

"पाप माझं आणि जळतोय घेवडा?"

"झाडं आपलं अंगावर घेतात."

घेवड्याला कुणी विचारलं नव्हतं. वहिनी पंपाच्या बटणाकडे निघाली.

"वहिनी, दहा मिनिटं थांबा," मिस्त्री म्हणाला. "मग खुशाल दाबा."

त्यानं बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी दोरी बांधली. पंपाचा पाइप जिथवर बुडतो तिथवर बाटली सोडली आणि बुचाची दोरी ओढली. बुडबुडे वर आले. मागोमाग बाटली आली, काचेसारख्या नितळ पाण्यानं भरलेली.

"बाबा, आधी तुम्ही."

"आज माझं मौन आहे," बाबा म्हणाले.

वहिनीनंच घोट घेतला आणि थुंकून टाकला. "भावजी, हे तर पूर्वीपेक्षाही खारट!"

"गोडं पाणी हलकं, खारं जड. रोज पहाटे बाबांचा गोड्या पाण्याचा टँकर येतो. बांधावरच्या चाकोऱ्या अजून ओल्या आहेत. टँकरचा पाइप पाण्याला टेकवून अलगद सोडलं की गोडं वर तरंगत राहतं. बादली वरचं उचलते, पंप तळाचं ओढतो. मुळांभोवती मीठ साचलं की ओल्या मातीतही रोपाला पाणी ओढता येत नाही. दुप्पट पाणी म्हणजे दुप्पट मीठ. तुमचा घेवडा तहानेनं मेला, वहिनी."

कुणी हललं नाही. हलले ते बाबा. त्यांचं मौन जीपपर्यंत टिकलं. ड्रायव्हरला शिवी घालताना सुटलं.

मिस्त्रीनं ध्वनिक्षेपक हातात घेतला. "मंडळी, माझ्यावरही विश्वास ठेवू नका. ही बाटली, ही दोरी. स्वतः काढा, स्वतः चाखा. नुसत्या जिभेवर जाऊ नका, पीक काय सांगतंय ते बघा. आणि जो माणूस तपासू देत नाही, त्याच्या पाया पडण्याआधी..."

"भावजी," वहिनीनं हाक मारली. तिच्या दोन्ही हातांत बादल्या होत्या. "बोलून झालं असेल तर एक धरा. वरचं गोडं संपायच्या आत दोन सऱ्या तरी भिजतील. आणि हळू सोडा, ढवळू नका."