दुधीला शुगर कधीपासून?

चौसाळ्याच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी लग्न नव्हतं, तरी चपलांचा ढीग दारापासून थेट हायवेपर्यंत गेला होता. स्टेजवर बारा खुर्च्या, पुढ्यात बारा प्लास्टिकचे टब आणि टबांत बुडवलेले चोवीस पाय. बघता बघता पाणी पिवळं झालं, मग तपकिरी, मग काळं. बायकांचे हात जोडले गेले. मागची मंडळी खुर्च्यांवर चढून मोबाईल उंच धरू लागली.

"बघा, डोळे भरून बघा!" भोंग्यातून त्रिंबकगुरू गरजले. "पिवळं आहे ती तुमची किडनी. काळं आहे ते लिव्हर. आणि वर फेस आलाय ना माउली, ती तुमची शुगर! डॉक्टर सुई टोचून विष आत ढकलतात, मी ते पायावाटे बाहेर काढतो!"

"वा गुरुजी, वा!" शेजारी माईक घेऊन बसलेला रविराज म्हणाला.

हा रविराज म्हणजे 'आडवा माईक' पॉडकास्टवाला. नऊ लाख लोक त्याला ऐकायचे. चौथ्या खुर्चीत पाय बुडवून बसलेला चाँद त्यांतलाच एक. चाँदचं हायवेवर बॅटरीचं दुकान. दिवसभर हात ॲसिडने आणि ग्रीसने बरबटलेले, त्यामुळे मोबाईल बघायची सोय नाही. कानात मात्र तीन वर्षं रविराज. पोराने नाव कमावलं होतं ते खोटं नव्हतं. सरकारी दवाखान्यातल्या बंद एक्स-रे मशीनवर तो बोलला आणि मशीन महिन्यात सुरू झालं. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांच्या शाळेवर तो पोटतिडकीने बोलला होता. रविराज म्हणाला म्हणजे ते खरंच, हे चाँदच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आणि दोन महिन्यांपूर्वी याच रविराजने त्रिंबकगुरूला तीन तास समोर बसवलं. "आजच सुई फेका," गुरू म्हणाला. "मी स्वतः पाहिलंय, पाणी काळं पडतं," रविराज म्हणाला. चाँदने त्याच संध्याकाळी इन्सुलिन बंद केलं.

त्याची लेक शाईस्ता बीडच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. तिने बापाची शुगर मोजली, ती चारशेच्या वर. रडली, भांडली, दोन दिवस जेवली नाही.

"नऊ लाख लोक येडे हायत का गं?" चाँदचं एकच उत्तर.

"अब्बा, नऊ लाख लोकांनी ऐकलंय. तपासलंय कुणी?"

आज ती बापाच्या हट्टापायी सोबत आली होती आणि दात-ओठ खात स्टेजखाली उभी होती.

चाँदने आयुष्यात पहिल्यांदाच तो टब डोळ्यांनी पाहिला. पाण्यात एक तांब्याच्या रंगाची, भोकं पाडलेली नळी होती. गुरू तिला 'ऊर्जादंड' म्हणायचा. तिच्यातून दोन वायरी निघून पडद्यामागे गेलेल्या. नळीतून बारीक बुडबुडे येत होते. पाण्यात टाकलेलं 'सिद्ध सैंधव' चाँदने बोटाने चाखलं. साधं मीठ. त्याने वाकून पडदा बाजूला केला. आत बाराच्या बारा बॅटऱ्या, रांगेत.

चाँदची कानशिलं तापली. गंजलेले पाने, नट-बोल्ट तो गेली तीस वर्षं असेच साफ करत आला होता. सोड्याच्या पाण्यात भंगार लोखंडाची पट्टी आणि गंजलेला पाना ठेवायचा, चार्जरचे चिमटे लावायचे. थोड्या वेळात पट्टी झिजून पाणी असंच काळं-तपकिरी होतं, असाच फेस येतो. ते पाणी तो रोज दुकानामागच्या नालीत ओतायचा. आणि त्याच पाण्यासाठी त्याने सुई सोडली होती!

त्याने पाय बाहेर काढले. पाणी काळं होतच राहिलं.

"शाईस्ता! मागं पंगतीचा स्वयंपाक चाललाय, तिथनं एक दुधी आन!"

"अहो भाऊ, ऊर्जा तुटते, पाय घाला!" गुरू ओरडला.

चाँदने टब पालथा केला, स्वच्छ पाणी ओतलं, मूठभर मीठ टाकलं, नळी सोडली आणि मध्ये भला थोरला दुधी भोपळा ठेवला. पाणी पिवळं झालं. तपकिरी झालं. वर फेस आला.

"गुरुजी," चाँद म्हणाला, "ह्या दुधीला शुगर कधीपासून हाय? आन् लिव्हर कुठं असतंय ह्याचं, देठापाशी का?"

हशा फुटला. चाँदने स्टेजच्या कडेवर आपटून नळी फोडली. आत लोखंडी तारेचं वेटोळं, गंजून अर्धं झालेलं. त्याने ते लोकांपुढे उंच धरलं. "हे लोखंड करंटानं झिजतंय, त्याचा हा रंग. तुमच्या पायातून काय बी निघालं न्हाई." गोंधळात त्रिंबकगुरू मागच्या दाराने सटकला. चाँदचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. तो रविराजपुढे उभा होता.

"चाचा, मी डॉक्टर न्हाई," रविराज चाचरला. "मी फक्त प्रश्न विचारतो, उत्तरं पाहुण्यांची."

"इचारलास कुठं बे? तीन घंटे 'वा गुरुजी' करत बसलास! पाय काढून दाखवा, एवढं एक तोंडातून निघालं न्हाई? मी तरी कुठं डॉक्टर हाय? बॅटऱ्या भरतो मी! तो भामटा चार गावं फिरून थकला असता. नऊ लाख कानांत त्याला तू नेऊन सोडलास."

"अब्बा, पाय द्या." शाईस्ता फडक्याने बापाचे पाय पुसत होती. काळा रंग निघाला. डाव्या अंगठ्याचा निघेना. तिने पुन्हा पुसलं, जोरात चोळलं. चाँदला काहीच जाणवत नव्हतं.

"हा पाण्याचा रंग न्हाई अब्बा," ती म्हणाली आणि तिथेच फतकल मारून रडू लागली.

बीडला डॉक्टरांनी सडलेला अंगठा काढला. इन्सुलिन पुन्हा सुरू झालं.

आठव्या दिवशी रविराज दवाखान्यात आला. "चाचा, तो एपिसोड मी काढून टाकलाय. माफीची क्लिप पण टाकली, चाळीस सेकंदांची. आता तुमच्यावर एक करू का? लई लोक ऐकतील."

शाईस्ता त्याच्या अंगावर धावली. चाँदने तिला हाताने थांबवलं.

"करू. पन तीन घंट्याचा. आन् पहिला प्रश्न माझा." रविराजने माईक लावला, लाल दिवा पेटला. "आजच सुई फेका असं तो म्हनला, तवा तू गप कावून बसलास?"

लाल दिवा जळत राहिला.

तुमच्याही कानात रोज कुणीतरी गोड बोलत असेल. तो माणूस चांगला असेल, चार कामं त्याने चांगली केलीही असतील. म्हणून त्याचं पाचवं बोलणं आपोआप खरं होत नाही. ज्याच्या हाती माईक आहे त्याने पाहुण्याला आधी अडवून विचारलं पाहिजे, ती त्याची जबाबदारी आहे, मेहरबानी नव्हे. तो विचारत नसेल तर तुम्ही विचारा. आणि औषध सोडायचं का, हे ज्या डॉक्टरने तुमचं रक्त तपासलंय त्यालाच विचारा.

चाँदच्या दुकानात आता एक टब कायम भरलेला असतो, आत दुधी. बॅटरी भरायला येणाऱ्या प्रत्येकाला तो पाणी काळं करून दाखवतो, मग डावी चप्पल काढतो.