लान नखाने दार वाजवते

मी "खिडकी नाही" म्हटलं आणि छिन आजींच्या घराची खिडकी गेली.

म्हणजे ती फुटली नाही की बंद झाली नाही. होती तिथे भिंत आली, जुनीच, धुराने पिवळी पडलेली. खिडकीच्या गजांना टांगलेले सॉसेज आता त्या भिंतीवर नुसतेच लोंबत होते. वाक्य माझं नव्हतं. परदेशी पाहुणी मार्गित खिडकीकडे पाठ करून बुटक्या स्टुलावर बसली होती, तिला अंधार वाटला आणि ती इंग्रजीत म्हणाली, "या घराला साधी खिडकीही नाही." मी ते चिनीत आजींना सांगितलं. माझं कामच ते आहे. आजी उठल्या, भिंतीवरून तळवा फिरवला आणि म्हणाल्या, "मग वाफ कुठून जाणार?" शेगडीवर मासा शिजत होता, त्याची त्यांना काळजी.

मी दुभाषी आहे. पुण्यात चिनी शिकले, सूतगिरणीच्या यंत्रांच्या एका कंपनीबरोबर चीनमधल्या या नदीकाठच्या शहरात आले, कंपनी परत गेली आणि मी राहिले. आमच्या धंद्याचा एक नियम आहे: समोरचा जे बोलेल ते आपण त्याच्या तोंडाने बोलायचं. तो "मी" म्हणाला तर आपणही "मी" म्हणायचं. दुरुस्ती करायची नाही, भर घालायची नाही आणि कुणी विचारलं तरी स्वतःचं मत द्यायचं नाही. तसं मला कुणी विचारतही नाही. इचलकरंजीहून आत्याचा फोन आला की ती विचारते, "काय गं शलाके, तिथं तोंड उघडलं की उचलून नेत्यात म्हणं?" मी म्हणते, तसं काही नाही आत्या. इथली शेजारीण विचारते, तुमच्याकडे बाईला एकटीला रस्त्यावर फिरता येतं का? मी म्हणते, तसं काही नाही ताई. दोघींनाही वाटतं मी काहीतरी लपवते आहे.

त्या दिवशी चिनी नववर्षाची आदली संध्याकाळ होती. या दिवशी इथे सगळं घर एकत्र जेवतं. कितीही लांब असला तरी माणूस गाडी पकडून घरी येतो, आणि जो आलेला नसतो त्याचाही वाडगा मांडून ठेवतात. आजींच्या टेबलावर दोन वाडगे होते. दुसरा त्यांच्या मुलीचा, लानचा. गल्ली पाडायची ठरली, घरांवर लाल रंगाने खुणा झाल्या, तेव्हा लान तक्रार घेऊन प्रांताच्या राजधानीला गेली. त्यानंतर ती परत आली नव्हती. शेजारीपाजारी नदीपलीकडच्या नव्या इमारतींत राहायला गेले. आजी हलल्या नाहीत. "लानला हेच दार माहीत आहे," त्या म्हणायच्या. "मी गेले तर ती जेवायला कुठे येईल?" त्यांचं मागणं तेवढंच होतं.

मार्गित उत्तर युरोपातल्या एका संस्थेतर्फे आली होती. लोकांना काय हक्क मिळतात ते ती विचारत फिरत असे. येताना तिने आजींसाठी चीज आणलं होतं आणि कुणी ऐकू नये म्हणून स्वतःचा फोन बंद करून पत्र्याच्या डबीत ठेवला होता. तिच्या मागोमाग सरकारच्या वस्ती समितीचा लियांग आला. तो हसतमुख, तिशीतला, हातात आजींसाठी संत्र्यांची पिशवी. पाहुणी आली आहे तर गैरसमज नकोत, म्हणून बसायला आला होता.

"खिडकीचं काय ते?" लियांग म्हणाला. त्याला इंग्रजी थोडं कळतं. "त्यांना सांगा, आजींचा नवा फ्लॅट अठराव्या मजल्यावर आहे. तीन बाजूंनी ऊन येतं."

मी ते मार्गितला इंग्रजीत सांगितलं. माझ्या कानांत दडे बसले. जमीन वर चढत होती, लिफ्ट चढते तशी, आणि थांबली तेव्हा लियांगच्या बाजूची भिंत सगळी काचेची झाली होती. खाली खूप खोल नदी होती. खोलीच्या त्या अर्ध्या भागात लख्ख उजेड पडला आणि एक नवीन स्टीलचं दार आलं, ज्याच्या बाहेर लिफ्ट होती. मार्गितच्या बाजूचा अर्धा भाग होता तसाच अंधारा राहिला. तिथल्या दाराबाहेर आता एक लांब बोळ दिसत होता आणि बोळाच्या टोकाला कुणीतरी खुर्चीवर बसलं होतं. मधोमध टेबल, शेगडी, आजी आणि मी.

आजी काचेजवळ गेल्या. त्यांनी खाली पाहिलं. "माझी गल्ली कुठे आहे?"

मार्गितची नजर बोळाच्या टोकाकडे होती.

"बाहेर माणूस बसवला आहे," मार्गित म्हणाली. तिचा आवाज कापत होता. ढोंग नव्हतं ते, तिला खरंच वाईट वाटत होतं. "विचारा त्यांना, त्या घाबरल्या आहेत का?"

मी विचारलं. आजी म्हणाल्या, "काही नाही, बाळा. जेवलात का तुम्ही?" इथे कुणीही कुणाला हेच म्हणतं. मी जसंच्या तसं सांगितलं. मार्गितने मान हलवली, कारण तिला वाटलं आजींना बोलता येत नाही. लियांगनेही मान हलवली, कारण त्याला वाटलं आजींना काही त्रास नाही. आजी माशावर आलं घालत होत्या.

"त्या घाबरलेल्या आहेत," मार्गित हळूच म्हणाली. "त्यांना सांगा, मला दिसतंय ते."

मी सांगितलं आणि आजींचे हात कापायला लागले. आल्याचे काप जमिनीवर पडले. त्यांनी एका हाताने दुसरा धरून पाहिला, दोन्ही कापतच राहिले.

लियांगला राग आला. "घाबरल्या? माझी आजी दुष्काळात झाडाची साल उकळून प्यायली आहे. घाबरणं काय असतं ते तिला विचारायला हवं होतं. आज इथे नळाला पाणी आहे, चार तासांत राजधानीला जाणारी गाडी आहे. इथले लोक समाधानी आहेत, सांगा यांना." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तोही खोटं बोलत नव्हता. मला दोघांचाही राग आला, आणि मी त्याचं बोलणं इंग्रजीत सांगितलं.

आजींच्या चेहऱ्यावर हसू आलं. नीट, सगळे दात दिसतील असं हसू. त्यांनी गाल दाबले, ओठ ओढून मिटायचा प्रयत्न केला, पदरासारख्या एप्रनने तोंड पुसलं. हसू जाईना. हात कापताहेत आणि तोंड हसतंय अशा त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग कुठे माझी पाचावर धारण बसली.

मी गप्प बसायचं ठरवलं. घसा बसला असं खुणेने सांगितलं. लियांगने थर्मासमधून गरम पाणी ओतून दिलं, मार्गितने खिशातून गोळी काढून दिली. दोघेही फार चांगले वागत होते. पण मी गप्प बसले तसा मधला भाग आक्रसायला लागला. अंधारी बाजू सरकत आली, उजेडाची बाजू सरकत आली. टेबल आडवं मावेना, तेव्हा ते उभं झालं. शेगडी आजींच्या पायाला लागली. त्या दोन्ही बाजू कुणीतरी बोलून ठेवल्या होत्या. आम्ही उभे होतो त्या जागेबद्दल कुणी काहीच बोललं नव्हतं, म्हणून तिला उभं राहायला आधार नव्हता.

आजींनी माझा दंड धरला. "लानचं नाव यांना काढू देऊ नकोस," त्या तसल्या हसऱ्या तोंडाने कुजबुजल्या. "बाकी काहीही होऊ दे. तिला तुझ्या तोंडात घेऊ नकोस."

पण मार्गितने दुसरा वाडगा पाहिला होता.

"मुलीबद्दल विचारायचं आहे," ती म्हणाली. "त्यांना सांगा, आमची खात्री आहे की लानला डांबून ठेवलं आहे. त्यांना हे कळायलाच हवं. तो त्यांचा हक्क आहे."

"डांबून?" लियांग म्हणाला. "लानला दक्षिणेत नोकरी लागली आहे. तिचं लग्न झालं आहे. ती मजेत आहे, म्हणून आली नाही. सांगा पाहुण्यांना."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मार्गितचं वाक्य बोलले असते तर लान कुठल्यातरी बोळाच्या टोकाशी, कुलपाआड असती. लियांगचं बोलले असते तर ती इतकी मजेत असती की आईचं घर तिला आठवलंच नसतं. कुठलंही बोलले तरी ती जेवायला येणार नव्हती. खरं काय ते मला माहीत नव्हतं. त्या दोघांनाही माहीत नव्हतं, पण त्यांचं त्यावाचून अडत नव्हतं.

"मासा गार होईल," मी म्हणाले.

हे माझं स्वतःचं वाक्य होतं, कामावर असताना बोललेलं पहिलंच. शेगडी विझली. माशावरची वाफ खाली बसली आणि रस्सा आळून पांढरा झाला. आजींनी माशाला बोट लावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे तू स्वतः बोललीस तरी होतं," त्या म्हणाल्या. "मग म्हण की. म्हण, लान आली."

"मला ते बोलता येत नाही आजी. मला माहीत नाही ना."

"त्यांचं बोलतेस तेव्हा माहीत असतं?"

दोन्ही बाजू माझ्या खांद्यांना टेकल्या होत्या. एक खांदा गार, एक खांदा उन्हाने तापलेला.

"तुम्हीच म्हणा," मी म्हणाले. "तुम्ही म्हणा, मी तुमच्या तोंडाने सांगते. तसा नियम आहे."

"मी तर रोज म्हणते," आजी म्हणाल्या. "माझ्या म्हणण्याने काय होतंय? दारावर पोरगी नखाने वाजवायची, लहानपणापासूनची खोड, बोटाने कधी वाजवलंच नाही. रोज संध्याकाळी मी कान लावून बसते आणि म्हणते, आली. कुणी ऐकायला नसतं." मग त्यांनी एप्रन सारखा केला, कापते हात त्यावर पुसले आणि मार्गितकडे तोंड करून सावकाश म्हणाल्या, "माझी मुलगी आली आहे. ती दारात उभी आहे."

लियांग म्हणाला, "हे सांगू नका. म्हाताऱ्या माणसाचा भ्रम आहे."

मार्गितने विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

नियमात सगळं बसत होतं. माझं मत नव्हतं, भर नव्हती, दुरुस्ती नव्हती. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. मी इंग्रजीत, आजींच्याच आवाजात म्हणाले, "माझी मुलगी आली आहे. ती दारात उभी आहे."

शब्दाला शब्द. कुठल्या दारात, ते आजी बोलल्या नव्हत्या, म्हणून मीही बोलले नाही.

सगळे ऐकत राहिले. लियांगने स्टीलच्या दाराकडे पाहिलं. ते आता उंदराच्या बिळाएवढं उरलं होतं आणि मग तेही मिटलं. मार्गितने बोळाकडे पाहिलं. तिथे नुसती भिंत होती. गल्लीत उघडणारं जुनं दार तर बोळ आला तेव्हाच गेलं होतं. ते दोघे आता मला दिसत नव्हते, दोन्हीकडच्या भिंतींपलीकडून त्यांचे आवाज येत होते. मध्ये मी आणि आजी नाकाला नाक लागेल अशा उभ्या होतो. आमच्यात लानचा वाडगा होता. आजींनी त्यात भात वाढला होता, वर माशाचा गालाकडचा तुकडा, जो लानला आवडतो.

तेवढ्यात वाजलं.

नखाने. दोनदा, थांबून पुन्हा एकदा.

आजींचं हसू गेलं. इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांचं तोंड त्यांच्या मनासारखं झालं. त्यांनी मान तिरकी केली आणि आवाज कुठून येतो ते शोधू लागल्या. भिंतीला कान लावला, मान हलवली. दुसऱ्या भिंतीला लावला. मग हळूहळू त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर आली आणि तिथेच थांबली.

"काय झालं?" डावीकडून मार्गितने विचारलं. "शलाका? काय चाललंय, सांगा मला."

"काय झालं?" उजवीकडून लियांगने विचारलं. "मला सांगा."

मी तोंड घट्ट मिटून घेतलं. नख माझ्या दातांवर वाजत होतं, आतल्या बाजूने.

"थांब गं लान," आजी म्हणाल्या, आणि वाडगा दोन्ही हातांनी माझ्या ओठांजवळ धरला. भातातून वाफ येत होती.